साडेनऊ पाहुणे

विद्यापीठाच्या पत्रात लिहिलं होतं : उन्हाळी क्षेत्रकार्य.
इथे, गयानात, रुपुनुनीच्या माळावर
जूनमध्ये गुडघाभर पाणी.
फुटबॉलच्या गोलखांबांमधून मासे आरपार जातात
आणि कुणी गोल मोजत नाही.

मी मोजायला आले होते.
पाहुण्यांचं समाधान, एक ते पाच.
दोनशे छापील प्रश्नावल्या,
वरच्या चाळीसांना पहिल्याच आठवड्यात बुरशी.
दहा आठवड्यांत पाहुणे आले नऊ.
त्यातले दोघे वाट चुकलेले.

"या दिवसांत कोण येतंय?" लुसिल म्हणाली,
आणि मला मटापीपाशी नेलं :
आढ्याला टांगलेली विणलेली लांबोडकी नळी,
तिच्यात ठासलेला कसाव्याचा कीस.
खालच्या दांड्यावर बसायचं,
अंगाच्या भारानं विष गळून जातं,
मग त्याची भाकरी.
"बस. शिकलेली माणसं वजनदार असतात म्हणे."
मी बसले.
फारसं गळलं नाही.
तिची नात येऊन माझ्या मांडीवर बसली
तेव्हा कुठे धार लागली.

मंगळवारी पाहुणघराची सभा.
बिस्किटांच्या डब्यात सात जणांचे पैसे.
(चुकलेल्यांकडून घेतले नव्हते, त्यावरही अर्धा तास.)
होडीच्या इंजिनाचा प्लग, की शाळेच्या रेडिओची बॅटरी?
भांडण मकुशीत, आभार इंग्रजीत.
मी वहीत लिहिलं : सहभागी निर्णयप्रक्रिया.
मग ते खोडून लिहिलं :
लुसिल रागावून निघून गेली,
छत्री विसरली म्हणून परत आली,
आली तशी बसली.

ऑर्विन वाटाड्या.
पक्षीवेडं डच जोडपं होडीत,
बुडालेल्या गवताच्या कडेला त्यानं वल्हं आडवं ठेवलं,
हात पाठीमागे घेतले
आणि शिट्टी घातली. बारीक, वर चढत जाणारी,
शेवटाला किंचित मोडलेली.
गवतातून उत्तर आलं.
मग तो स्वतःच आला : काळा, पोटाशी तांबूस,
जाड चोचीचा, चिमणीएवढा.
बाई रडल्या. प्रश्नावलीत पाच.

परतताना ऑर्विननं आपण होऊन सांगितलं,
चौदाव्या वर्षी तो हेच पक्षी धरायचा.
फांदीला चीक लावायचा, शिट्टी घालायचा.
व्यापारी त्यांना बायकांच्या केसांच्या कर्लरमध्ये घालून
विमानानं न्यायचा, गाण्याच्या पैजांसाठी.
सहातले तीन पोचायचे.
"शिट्टी तीच आहे," तो म्हणाला.

माझ्या मांडीवर प्रश्न क्रमांक अकरा :
वन्यजीवांबद्दलच्या आपल्या दृष्टिकोनात
बदल झाला आहे का?
विचारला मी. लाजत, पण विचारला.
बराच वेळ नुसतं वल्ह्याचं पाणी.
"दृष्टिकोनाचं मला माहीत नाही.
पण शिट्टी घालताना
मी हात मागे धरतो."
या उत्तराला चौकट नव्हती.

निघायच्या सकाळी बिल आलं.
मला वाटलं होतं, मी आता घरातली झाले,
दांड्यावर बसले, भाकरी करपवली,
नातीला चौदाचा पाढा शिकवला.
लुसिलनं चष्मा लावून हिशेब केला :
खाल्लंस पाहुण्यासारखं,
काम केलंस आमच्यासारखं, पण वाईट.
अर्धा दर.
मी पैसे डब्यात टाकले. तिनं मोजले.
बॅटरीला अजून थोडे कमीच होते.

आता प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात,
एकूण पाहुण्यांच्या रकान्यात,
मी साडेनऊ लिहिलंय.
मार्गदर्शकांनी लाल शाईनं गोल केला :
माणसं पूर्णांकात मोजावीत.

बरोबर आहे त्यांचं.
आकडा मी अजून बदललेला नाही.